विचारून पडलेली वाट

निरवांगीच्या शिवारात आमचं जे रान होतं, तिथपर्यंत सरकारी रस्ता पोचत नव्हता. रस्त्याला लागून आबांची वस्ती, वस्तीमागं आबांचा ऊस, ऊस संपला की आमची जमीन आणि आमच्या पलीकडं ओढा. आमच्या रानात जायची गाडीवाट आबांच्या अंगणाच्या कडेनं निघून त्यांच्या बांधावरून जायची.

आबा आमच्या नात्यातले नव्हते. ते गावातले जुने बागायतदार, आम्ही बौद्ध. आमची जमीन वतनाची, म्हणजे पूर्वी गावानं आमच्या माणसांकडून चाकरी करून घेतली, त्या बदल्यात दिलेली. साहजिकच जी कुणाला नको होती ती दिलेली. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, देव्हारा उतरवला, पोराला शाळेत घातलं आणि त्या खडकात विहीर पाडली. वाट मात्र आबांच्या बांधावरूनच राहिली.

त्या वाटेची एक रीत होती. अंगणाजवळ आलं की थांबायचं आणि हाक द्यायची, "आबा, जाऊ का?" आतून आवाज यायचा, "जा की." कधी आबा बाजेवर असले तर नुसता हात हलवायचे. पिकाचे दिवस असले की दिवसातून चारदा जाणं व्हायचं आणि चारदा विचारणं व्हायचं. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. आईच्या आधी मीच ओरडायचे आणि आबा हसून म्हणायचे, "तू मोटी झालीस की तुला न्हाय सोडणार." सुगीला आई भुईमुगाच्या शेंगांची पहिली पाटी आबांच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. ते आईला "बाई" म्हणायचे आणि एकेरीत बोलायचे, ती त्यांना "तुमी" म्हणायची.

हे विचारणं कुठून आलं, तेही घरात सगळ्यांना माहीत होतं. आजोबांचा धाकटा भाऊ एकदा घाईत न विचारता गाडी घेऊन गेला. परत येताना आबांच्या वडलांनी गाडी अडवली, बैल सोडले, बांधले, आणि जू त्याच्या खांद्यावर देऊन भरली गाडी रस्त्यापर्यंत त्याला ओढायला लावली. बांधावर माणसं उभी राहून बघत होती. आजोबा त्याला काही बोलले नाहीत, आबांच्या वडलांनाही नाही. त्यानंतर आमच्या घरातला कुणी विचारल्याशिवाय त्या बांधावर चढला नाही. आबा त्या मानानं चांगले. त्यांनी कधी कुणाला अडवलं नाही. विचारलेलं मात्र त्यांना आवडायचं, हे मी मोठी झाल्यावर ओळखलं. दुसऱ्यानं थांबून विचारावं आणि आपण जा म्हणावं, यातलं सुख त्यांनी जन्मभर घेतलं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते अकाली गेले. आईनं रान स्वतः केलं आणि मला पुण्याला वकिलीला पाठवलं. मी शिकून परत आले आणि इंदापूरला एका ज्येष्ठ वकिलांकडं ज्युनिअर म्हणून बसू लागले, त्याच सुमाराला आबांचा मुलगा पुण्यातली कंपनीची नोकरी सोडून शेती करायला आला. त्यानं निम्मा ऊस मोडून डाळिंब लावलं, ठिबक केलं, बागेवर जाळी टाकली आणि वाटेच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं. फाटकाला कुलूप नव्हतं. माणसानं जावं, पण ट्रॅक्टर नाही, असं त्याचं म्हणणं. ट्रॉलीच्या चाकाखाली ठिबकच्या नळ्या फुटतात, धूळ डाळिंबावर बसते.

आईचा ऊस तोडीला आला होता. पायवाटेनं ऊस कारखान्याला जात नाही. ती आबांकडं गेली. आबांनी मुलाकडं बघितलं. मुलगा म्हणाला, "बघू, विचार करून सांगतो." त्या वर्षी त्यानं एकदा ट्रॉली सोडली, नळ्या झाकून, स्वतः उभा राहून. आई म्हणाली की तिला सगळा वेळ त्याच्यासमोर हात बांधून उभं राहावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यानं नाही म्हणून सांगितलं.

तहसीलदारांकडं अर्ज करून पाहिला. पाहणीला माणूस आला आणि ओढ्यातून पर्यायी वाट आहे असं लिहून गेला. ओढ्यातून शेळ्या जायच्या.

दाव्याचा विषय माझ्याआधी आईनं काढला. मी म्हटलं, शेजार आहे, थोडं थांबू. ती म्हणाली, "आजवर थांबूनच गेलोय. तुला शिकवली ती कशासाठी?"

माझ्या वरिष्ठांनी सगळं ऐकून घेतलं. ते जुन्या पठडीचे, थोडे खोकणारे, दिवाणी कामात मुरलेले. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, आईला नाही. "विचारून जायचे का?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले.

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. पुण्यात कॉलेजात सुविधाधिकाराचा कायदा मला फार आवडला होता. दुसऱ्याच्या जमिनीवरून जायचा हक्क कसा तयार होतो, ते त्यात सांगितलंय. वीस वर्षं सलग, उघडपणे, शांततेनं आणि हक्क म्हणून वापर झाला पाहिजे. आमचे प्राध्यापक सांगायचे की ही मूळची रोमन लोकांची अट, ती इंग्रजांनी घेतली, आणि इंग्रजांनी इथं येताना तीच कलमात घालून आणली. त्यांनी तिचं मराठी करून दिलं होतं: ना जोरानं, ना चोरून, ना मागून. मला त्याची लय आवडली होती. जोरानं नको हे कळत होतं. चोरून नको हेही. मागून का नको, तर जो परवानगी मागतो तो आपल्याला हक्क नाही हे स्वतःच कबूल करतो. मी त्यावर परीक्षेत चांगलं उत्तर लिहिलं होतं.

इंदापूरच्या त्या खोलीत, आई शेजारी पदर सावरून बसलेली असताना, त्याचा अर्थ मला दुसऱ्यांदा कळला. शेजाऱ्याच्या रानातून वीस वर्षं न विचारता, त्याच्या नाकावर टिच्चून जो गेला, त्याला कायदा वाट देतो. जो दर वेळी थांबून विचारत गेला, त्याला काही देत नाही. हा नियम ज्यांनी केला, त्यांच्या गावात न विचारता गेलेल्या माणसाच्या खांद्यावर जू देत नसावेत. आणि आमच्याकडं ज्यांच्या खांद्यावर देत होते त्यांच्यासाठी या नियमात काही वेगळं कलम कुणी घातलं नव्हतं. आपल्याकडं 'वहिवाट' हा शब्द आधीपासून होता. वहिवाट आहे का म्हटलं की जुनी माणसं एवढंच बघायची, किती वर्षं जाताय. इंग्रजी कायद्याचं मराठी करताना तोच शब्द वापरला गेला, आणि आत प्रश्न दुसरा आला: कुठल्या मनानं जाताय.

मी चुलत आजोबांची गोष्ट वरिष्ठांना सांगितली. वाटलं, कोर्टापुढं हे यावं, आम्ही का विचारत होतो ते कळावं. त्यांनी लगेच हात वर केला.

"ही गोष्ट कुठंही बोलू नका," ते म्हणाले. "एकदा न विचारता गेले आणि मालकानं अडवलं, म्हणजे हक्क नव्हता हे सिद्ध झालं. तुमच्यावर झालेला अन्याय हा त्यांचा पुरावा आहे."

दुसरे मार्गही त्यांनी चाचपले. दोन्ही जमिनी पूर्वी एकाच मालकाच्या असत्या, तर गरजेपोटी वाट मागता आली असती. वतनाची जमीन आबांच्या घराण्याची कधी असणार? मग त्यांनी शेंगांच्या पाटीला हात घातला. दर वर्षी पाटी द्यायची आणि वाट वापरायची, हा करार झाला, शेंगा हा मोबदला झाला, असं त्यांनी दाव्यात लिहिलं. लिहिताना त्यांनाच त्यावर भरवसा नव्हता.

आता उरली आईची साक्ष. वरिष्ठांनी तिला दोन बैठकांत शिकवलं. खोटं बोलू नका, म्हणाले. पण शब्द नीट वापरा. तुम्ही विचारून जात नव्हता, सांगून जात होता. "आबा, जाते हो." सांगणं वेगळं, विचारणं वेगळं. आईला लगेच कळलं. ती अडाणी नव्हती, मास्तरांची बायको होती, पेपर वाचायची. घरी येऊन तिनं भाकरी थापता थापता दोनदा म्हणून बघितलं, "आमी सांगून जायचो." तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

वरिष्ठांनी आणखी एक सांगितलं होतं. दावा लागल्यापासून विचारायचं बंद करा. दुसऱ्या दिवशी आई फाटक उघडून, हाक न देता, सरळ बांधावर चढली. आबा बाजेवर होते. आईनं मला सांगितलं की ते उठून बसले आणि तिच्याकडं असे बघत राहिले, जसं तिनं त्यांच्या तोंडात मारली. दाव्याची नोटीस त्यांना आधीच मिळाली होती. तेव्हा ते कुणाला काही बोलले नव्हते. न विचारता गेलेलं मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसानंतर फाटकाला कुलूप पडलं आणि आई ओढ्यातून रानात जाऊ लागली.

साक्षीच्या दिवशी आबा पांढरं धोतर नेसून मुलाबरोबर कोर्टात आले आणि मागच्या बाकावर बसले. आईनं त्यांना बघून सवयीनं पदर डोक्यावर घेतला. समोरचे वकील मृदू आवाजाचे होते. त्यांनी आईला खुर्ची देण्याची कोर्टाला विनंती केली. आधी मास्तरांची चौकशी केली, त्यांच्या शाळेची, माझ्या शिक्षणाची. मग म्हणाले, तुमच्या घराला गावात मान आहे. आई म्हणाली, आहे. तुमच्या घरातल्या कुणी कधी दुसऱ्याच्या बांधावरचं गवत न विचारता कापलं का? नाही. ओढ्याच्या पलीकडच्यांची बोरं पाडली? नाही. कुणाच्या विहिरीवरचं पाणी? ती जरा थांबली. त्या प्रश्नात काय होतं ते कोर्टातल्या निम्म्या लोकांना कळलं. मग ती म्हणाली, "न्हाय. आमी कुणाचं काय न इचारता घेतलं न्हाय."

"मग आबांची वाट तेवढी न विचारता घेतलीत?"

माझ्या वरिष्ठांनी हरकत घेतली, ती फेटाळली गेली. आई आबांकडं बघत होती. आबा खाली बघत होते. मला कळत होतं तिच्या मनात काय चाललंय. 'सांगून' म्हटलं की आमचं घर इतकी वर्षं दुसऱ्याच्या रानातून उर्मटासारखं फिरत होतं असं तिच्या तोंडून झालं असतं, आणि तेही त्या माणसासमोर, ज्याच्या दारात ती हजारदा थांबली होती.

न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा सांगितला.

"इचारून," ती म्हणाली. "आमी समदं इचारूनच केलं."

न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली, "हे म्हणणे खरे आहे की, मी व माझे पूर्वज प्रतिवादीची परवानगी घेऊन सदर वाट वापरीत होतो." आईनं तिच्याच वाक्याचं हे रूप कान देऊन ऐकलं. नंतर तिला कागद दिला, तिनं तो सावकाश वाचला आणि सही केली. तिची सही मोठी वळणदार आहे, मास्तरांनी शिकवलेली.

बाहेर चहाच्या टपरीवर वरिष्ठांनी तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला आणि स्वतः उभ्या उभ्या प्याले. येताना एसटीत मी विचारलं, एवढं शिकवलं होतं ना? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तसं म्हनले आस्ते तर आमी चोर झालो आस्तो." मी म्हटलं, आता काय झालो?

आबांची साक्ष नंतर झाली. माझ्या वरिष्ठांनी त्यांना विचारलं, तुम्ही कधी यांना नाही म्हणालात का? आबा ताठ झाले. "कदीच न्हाय. माज्या बानं न्हाय, म्या न्हाय. ज्यानं इचारलं त्याला सोडलं." वरिष्ठांनी विचारलं, नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार तरी होता का? आबांनी सगळ्या कोर्टाकडं बघितलं आणि म्हणाले, "रान कुनाचं हाय?" मागं लोक हसले. न्यायाधीशही किंचित हसल्यासारखे वाटले.

निकाल वाईट शब्दांत नव्हता. न्यायाधीश तरुण होते, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. त्यांनी लिहिलं होतं की वादी या सत्यवचनी साक्षीदार आहेत आणि त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेण्यास जागा नाही. पुढचं वाक्य 'सबब' या शब्दानं सुरू होत होतं. सबब त्यांच्याच कबुलीनुसार वापर परवानगीनं होता, परवानगी मालकाला केव्हाही काढून घेता येते, आणि शेंगांची पाटी ही शेजारधर्मातून, आपुलकीनं दिलेली भेट असल्यानं तिला मोबदला म्हणता येत नाही. दावा फेटाळला.

बारामतीला अपील केलं. तिथंही तोच निकाल, कमी शब्दांत. सत्यवचनी वगैरे तिथं काही लिहिलं नव्हतं.

अपिलाचा निकाल सांगितल्यावर आईनं मला एकदाच विचारलं, हा कायदा कुणी केला. मी म्हटलं, इंग्रजांनी. त्यांचा त्यांच्याकडचा होता, तो इथं आणला. तिनं विचारलं, आणल्यावर कुणी बघितला नाही? मी म्हटलं, बघितला, भाषांतर केलं, आणि ठेवला. इतकी वर्षं आपल्याच माणसांनी तो वापरला आणि कुणाला काही अडलं नाही. ती म्हणाली, "ज्यांनी भाषांतर केलं त्यांना कुनाला इचारून जावं लागत नव्हतं वाटतं." तिला उत्तर नको होतं.

निकाल आपल्या बाजूनं लागेल या आशेवर आईनं पुन्हा लावलेला ऊस रानात उभा होता. त्या वर्षी तोडीचा नंबर आला तेव्हा टोळीचा मुकादम येऊन वाट बघून गेला. डोक्यावर मोळ्या घेऊन ओढा उतरायला कुठलीही टोळी तयार होईना. मग आईनं एक गोष्ट केली, जी मला तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितली. ती आबांच्या अंगणात गेली, कुलूपबंद फाटकासमोर थांबली आणि पहिल्यासारखी हाक दिली, "आबा, जाऊ का?"

आबा ओसरीवर होते. त्यांनी तिला बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाले, "पोराला इचार."

मुलगा बाहेर आला. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मोबाईलवर वकिलांनी पाठवलेला मसुदा वाचून दाखवला. स्टँप पेपरवर लिहून द्यायचं, दर वर्षी नव्यानं. आम्हाला या वाटेचा कसलाही हक्क नाही, पूर्वी नव्हता, पुढं सांगणार नाही, मालक देईल तेवढे दिवस, मालक सांगेल त्या वेळेला. तो म्हणाला, माझं तुमच्याशी काही वैर नाही मावशी, पण तोंडी आता काही ठेवायचं नाही. तोंडी ठेवल्यामुळंच हे सगळं झालं.

आई उठून आली. दर वेळी तोंडानं विचारायला तिची तयारी होती. आपल्याला हक्क नाही असं दर वर्षी लिहून द्यायची नव्हती. मला हा फरक तेव्हा बारीक वाटला, आता वाटत नाही.

उसाला तुरा आला. मग तो वाळत गेला. आई रोज थोडा कापून, मोळी बांधून, ओढा उतरून वर आणायची आणि लोकांच्या जनावरांना वैरण म्हणून द्यायची. मी सांगून थकले. मी तोवर बारामतीला स्वतःची वकिली सुरू केली होती, पण ती माझ्याकडं यायला तयार नव्हती. श्रावणात ओढ्याच्या शेवाळावर तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मोळी अंगावर घेऊन ती तशीच पडून होती. पलीकडं डाळिंबाच्या बागेत फवारणी चालली होती, तिनं हाका मारल्या, पण यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. असं बागेतली माणसं सांगतात. शेवटी शेळ्यावाल्यानं बघितलं. तिला बाहेर आणायला आबांच्या मुलानं स्वतः फाटकाचं कुलूप काढलं आणि आपली जीप बांधावरून आत घातली. गावात त्याचं कौतुक झालं.

त्यानंतर रान विकणंच उरलं. ज्या रानाला वाट नाही ते दुसरा कोण घेणार? घेणारा एकच होता. भाव त्यानं सांगितला आणि आम्ही ऐकला.

इंदापूरच्या नोंदणी कार्यालयात आई वॉकर घेऊन आली. खरेदीखत मीच वाचून दाखवत होते. चतुःसीमा झाल्या, पश्चिमेस आबांची जमीन, पूर्वेस ओढा. पुढं नेहमीचा मजकूर होता, जो मी शेकडो खतांत वाचला होता: सदर मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपांसह, तसेच जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह, आज रोजी तुम्हांस कायम खुष खरेदी दिली असे.

आईनं माझा हात धरला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"कुठला हक्क?" तिनं विचारलं. "जो नव्हता म्हनत्यात, तो मी इकती हाय?"

खत लिहिणारा म्हणाला, बाई, ते सगळ्याच खतात असतं, छापील मजकूर आहे, इंग्रजांच्या वेळेपासून चालत आलंय. मी म्हटलं, खोडा. आबांच्या मुलानं त्याच्या वकिलाला फोन लावला. वकिलांनी सांगितलं, खोडायचं नाही. पुढं कुणी वाटेचा वाद काढला तर असू दे. मुलगा मला म्हणाला, "राहू द्या ना ताई, तुमचं त्यात काय जातं?"

आईनं खुर्चीत बसून अंगठा यंत्रावर टेकवला, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि वळणदार सही केली. आबा आले होते, पण बाहेर जीपमध्येच बसून राहिले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी काच खाली केली. म्हणाले, "कदी वाटलं तर रानात येत जा, बाई. माजी काय ना न्हाय." आई वॉकर टेकत त्यांच्यासमोरून गेली. तिनं मान वळवली नाही. म्हातारे काच खाली ठेवूनच बसले होते.

बारामतीत माझ्याकडं ती तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे. सुरुवातीला ती खाली उतरायची नाही. दिवसभर टीव्ही चालू ठेवायची आणि बघायची नाही. मला कोर्टातून यायला उशीर झाला तरी ती जेवायची थांबायची आणि मग दोन घास खाऊन उठायची. भाकरी अर्धी राहायची. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, बाकी तपासण्या चांगल्या आहेत, भूक लागेल हळूहळू. लागली नाही. तिचे ब्लाउज मला दोनदा शिवण घालून घट्ट करून द्यावे लागले.

आबांना अर्धांगाचा झटका आल्याचं गावाकडून कळलं. त्यांना बारामतीतच एका खाजगी दवाखान्यात आणलं होतं, आमच्या घरापासून लांब नाही. मी आईला सांगितलं नव्हतं, तिला फोनवरून कळलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ती चांगलं लुगडं नेसून तयार बसली आणि म्हणाली, बघून येऊ. मला वाटलं, इतक्या वर्षांचा शेजार, शेवटचं भेटायचं असेल, काही बोलायचं असेल. मी गाडीनं घेऊन गेले.

आबांचा मुलगा बाहेरच्या बाकावर झोपला होता. आम्ही त्याला उठवलं नाही. आत आबांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं, नाकात नळी होती, हात पट्टीनं पलंगाला बांधले होते कारण ते नळी ओढून काढत होते. त्यांनी आईला ओळखलं. डोळ्यांतून पाणी आलं. काही बोलायला गेले आणि घशातून नुसता आवाज आला. नर्सनं येऊन नळीतून पातळ काहीतरी ढकललं, ते तोंडाच्या कोपऱ्यातून गालावर आलं, तिनं पुसलं आणि ती गेली. आई पलंगाच्या पायथ्याशी वॉकर धरून उभी होती. ती जवळ गेली नाही, काही बोललीही नाही. तिनं त्यांचे बांधलेले हात बघितले, नळी बघितली, खालची पिशवी बघितली. एखादं पीक कसं आलंय ते बांधावर उभं राहून बघावं तसं तिनं सगळं नीट बघितलं. आबा परत परत तोच आवाज काढत होते. मला ते बघवेना, मी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "थांब जरा."

मग आपण होऊन वळली.

येताना वाटेत भिगवण रस्त्याच्या चौकात मासळीवाला बसतो, तिथं तिनं मला गाडी थांबवायला सांगितली. चिलापी ताजी आहे का ते काच खाली करून स्वतः विचारलं, कल्ले उघडून दाखवायला लावले, मोठी बघून दोन निवडली. घरी आल्यावर मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. वॉकर बाजूला ठेवून, ओट्याला टेकून, वाटण तिनं स्वतः वाटलं.

दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. तिनं दोन भाकरी खाल्ल्या, कालवण परत घेतलं, काटे चोखून चोखून ताटाच्या कडेला लावले. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि संपवला.

"आज चव लागली तोंडाला," ती म्हणाली, आणि उरलेला रस्सा ताटात ओढून घेतला.